लागले

उपकेंद्राच्या पत्र्यावर पेंटरनं माझ्या नावाखाली
'आक्सीलरी नर्स' असं लिहिलं होतं, निळ्या रंगात.
दगडूतात्या हजारे ओट्यावर ऊन खात बसायचे
आणि पाटी वाचून हाक मारायचे,
"आक्सीबाई, बीपीची गोळी."
घाटनांद्र्यात मी एकतीस वर्षं आक्सीबाई.

मिरजेला ट्रेनिंगमध्ये मॅडमनी अर्थ सांगितला होता:
ऑक्झिलरी म्हणजे हाताखालची.
वहीत उतरवून घेतलं.
कुणाच्या हाताखालची, ते विचारायचं राहिलं.
डॉक्टर ढालगावला, जीप दुरुस्तीला,
आणि इथं सदाशिवची बायको आठव्या महिन्यात
पाय सुजवून दारात उभी.
मग हाताखाली म्हणजे
खाली नुसते हातच.

आमच्या ह्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.
एकदा चहा घेऊन गेले तेव्हा स्टार्टर उघडा पडला होता.
म्हणाले, बघ, ह्या तीन जाड पट्ट्या,
विहिरीवरचा सगळा करंट ह्यांच्यातून जातो.
आणि कडेची ही नखाएवढी,
हिला ऑक्झिलरी म्हणतात.
हिरवं बटण दाबून माणूस बोट काढतो,
तरी मोटर थांबत नाही, ती हिच्या जोरावर.
ही गेली की लोक बोंबलत येतात, मोटर जळली.
मोटारीला काही झालेलं नसतं.
मी म्हटलं, चहा गार होतोय.
ते म्हणाले, तुझ्याच खात्यातली आहे, म्हणून दाखवली.

जावयाच्या गाडीत ऑक्सची वायर असते.
ती फोनमधली गाणी डब्यात पोचवते,
स्वतः कधी गुणगुणत नाही.
हे आपलं जाता जाता आठवलं.

रिटायर झाले त्या जूनमध्ये
नात ओवी व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसली.
सहाय्यक क्रियापद अधोरेखित करा:
बाळ रडू लागले.
तिनं 'रडू'खाली रेघ ओढली.
मी म्हटलं, खोड ते.
ती म्हणाली, आजी, मुख्य काम तर रडण्याचंच आहे ना?

तिला काय सांगू.
त्या दोन शब्दांच्या मध्ये मी गुडघ्यावर बसलेले आहे,
सुसाबाईच्या खोपटात, चैत्रात, रात्री पावणेतीनला.
पोर बाहेर आलेलं, जांभळं, गप्प.
नाकातोंडातलं ओढून काढलं, फडक्यानं पाठ चोळली,
तळव्यावर टिचक्या मारल्या.
सासूनं टॉर्च धरलेला, तो थरथरत होता,
भिंतीवर माझे हात मोठे मोठे दिसत होते.
'रडू' तोंडाशी येऊन थांबलेलं.
रडू. रडू.
कुणीच काही बोलत नव्हतं.
बाहेर शेळी खाकरली तेवढीच.

आणि मग लागलं.

ते पोर आता कवठ्याला मोबाइल दुरुस्त करतं,
मला ओळखत नाही. त्यानं ओळखावं कशाला.

ओवीनं रेघ खोडली, 'लागले'खाली ओढली,
आणि पेन्सिल चावत विचारलं,
मग 'लागले'ला स्वतःचा अर्थच नसतो का गं?
असतो की, म्हटलं.
ठेच लागते, भूक लागते, डोळा लागतो,
एखाद्याची ओढ लागते.
पण दुसऱ्याच्या मदतीला जाताना
तो अर्थ घरी ठेवून जावा लागतो.

त्या चैत्रात तिची आई चार वर्षांची होती,
गोवरानं फणफणलेली.
मी पिशवी उचलली तेव्हा
तिनं पदर धरला होता. एक एक बोट सोडवलं मी.
हे ओवीला सांगितलं नाही.
तिच्या आईनंही मला कधी विचारलेलं नाही.

"पुढचं वाक्य वाच," म्हटलं.
तिनं वाचलं: आई निघून गेली.
आणि ह्या वेळी न विचारता
बरोबर शब्दाखाली रेघ ओढली.